करवंदाचा काटा

कोल्हापूरहून एस.टी.नं सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा. इथून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. पावसाचं तर विचारूच नका! उन्हाळ्यात मात्र रानात करवंदं पिकतात. जाळीत हात घातला, की काटा लागलाच म्हणून समजा. घरी येईतो बोट लाल, गरम आणि टम्म!

काट्याभोवती पेशी जमतात, हे मेचनिकॉफ यांनी १८८२ साली तारामाशाच्या अळीत काटा खुपसून पाहिलं होतं. पण मित्रांनो, रक्ताच्या लोंढ्यात सुसाट जाणारी पांढरी पेशी नेमकी तिथंच थांबते कशी? तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर ‘सिलेक्टिन’ नावाचे रेणू वर येतात. त्यांना अडखळत पेशी हळूहळू गडगडू लागते, घाटातल्या वळणावर एस.टी. मंदावते ना, तशी. मग पेशीवरचे ‘इंटेग्रिन’ भिंतीला घट्ट धरतात आणि फटीतून अंग चोरून ती बाहेर पडते, थेट जंतूंवर. पू पाहून आपण नाक मुरडतो. तो या लढाईचाच राडा!

फार थोड्या मुलांत हे इंटेग्रिन जन्मतःच सदोष असतात. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेपर्यंत पोचत नाहीत. पू होत नाही, जखमही भरत नाही. आजार तीव्र असेल, तर अशा बाळाला दुसऱ्या कुणाची तरी अस्थिमज्जा द्यावी लागते.