उलटी मूठ, सुलट स्क्रू

मूठ उजवीकडे पिळली की स्क्रू आत जातो, आणि मनगट परत आणताना तीच मूठ डावीकडे पिळली तरी स्क्रू आतच जातो, असा एक स्क्रू ड्रायव्हर आहे. त्यात मोटर नाही, सेल नाही. मुठीच्या पोटात काही दातेरी चाके आणि एकाच दिशेला पकड घेणारे दोन खटके, एवढाच ऐवज. अमेरिकेत लोज या दुकानसाखळीने आपल्या कोबाल्ट या छापाखाली तो ‘डबल ड्राइव्ह’ म्हणून विकला. मूठ उलटी फिरते आहे आणि टोक मात्र सुलटच चालले आहे, हे बघताना मला आजही गंमत वाटते. तत्त्व कळले म्हणून ती कमी होत नाही. पण उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये राहणाऱ्या माणसाला या गमतीबरोबर एक खुपणारी गोष्टही दिसते. स्क्रू भराभर आत जावा यासाठी जगात इतकी डोकी शिणली, आणि इथल्या स्वस्त फर्निचरच्या धंद्यात ते काम हातोडीने केव्हाच उरकलेले असते. स्क्रू पाऊण उंचीपर्यंत ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे तेवढे डिसमिसने द्यायचे, ही रीत आहे. नव्या हत्याराची किंमत ठरवायची तर या रीतीसमोर उभे करून ठरवली पाहिजे.

उल्हासनगरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: लष्कराची कल्याण छावणी, फाळणीनंतर बराकींत आलेली सिंधी कुटुंबे, १९४९ साली नामकरण, आणि मग जे बाजारात विकले जाते ते इथे बनते ही ख्याती, ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, या विनोदासकट. फर्निचर हा त्यातलाच एक धंदा. आता स्क्रू ठोकण्याबद्दल. लाकडी स्क्रूचे सगळे बळ त्याच्या आट्यांत असते. फिरत आत गेला तर प्रत्येक आटा लाकडाच्या तंतूंत आपली वाट कापतो, आणि बाहेर ओढणारा जोर त्या सगळ्या वाटांवर वाटला जातो. ठोकून घातला तर आटे तंतू फाडत, मोडत खाली जातात. मागे उरते ते एक खरबरीत भोक, ज्यात स्क्रू नुसता घट्ट बसलेला असतो. तो खिळ्याइतकाही भरवशाचा नसतो, कारण खिळ्याचे गुळगुळीत अंग सगळीकडून लाकडाला टेकलेले असते. सागात किंवा पाइनच्या पेटीत हे खपूनही जाते. पण आजचे स्वस्त कपाट पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे गोंदाने दाबून बसवलेल्या चिपांचे असते. त्यात फाटायला तंतूच नसतात. आटे चिपा भुसभुशीत करून सोडतात. दरवाजाचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत राहते, पावसाळ्यात बोर्ड फुगतो, आणि एक दिवस बिजागरी स्क्रूसकट हातात येते. गिऱ्हाईक म्हणते, कारागिराचा हात कच्चा.

हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, आणि तो इतक्या सहज केला जातो की त्यावर थोडे थांबायला हवे. त्याच कारागिराला घरी बोलवा, रोजावर लावा, सागवानी चौकटीवर पितळी बिजागऱ्या बसवायला द्या. तो आधी बारीक भोक पाडील, स्क्रूच्या आट्यांवर साबण किंवा मेण घासील, सगळ्या खाचा एका रेषेत आणून ठेवील. हात तोच असतो, फक्त इथे भोक पाडायच्या वेळेचे पैसे मिळतात. गाळ्यात मजुरी नगावर असते. एका कपाटाला किती स्क्रू लागतात आणि प्रत्येकाला भोक पाडून फिरवत बसवायला किती वेळ जातो, हा हिशोब दर ठरवणाऱ्याने कधी मांडलेला नसतो, आणि दर पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाने तर नाहीच. ज्या वेळेचे पैसे कुणी देत नाही, तो वेळ कारागिराने आपल्या पदरचा घालावा अशी अपेक्षा आहे. हातोडी हे त्या अपेक्षेला दिलेले सरळ उत्तर आहे. आणि हे काही आपल्याकडचेच वैगुण्य नव्हे. इंग्लंडमध्ये हातोडीला थट्टेने ‘बर्मिंगहॅम स्क्रू ड्रायव्हर’ म्हणतात, आणि ते बर्मिंगहॅम म्हणजे स्क्रू बनवण्याचे एकेकाळचे माहेरघर. आपल्या सुतारांच्या तोंडी असलेले नेटलफोल्ड हे नाव तिथलेच. म्हणजे स्क्रूच्या पंढरीतही घाई झाली की ठोकतच होते.

तर मग दुहेरी चालीचा ड्रायव्हर हा वेळ वाचवू शकतो का? त्यासाठी स्क्रू बसवण्याचे काम तीन टप्प्यांत पाहावे लागते. पहिला टप्पा स्क्रू उभा धरून त्याला जागेवर पकड घ्यायला लावण्याचा, दुसरा त्याला धावता करण्याचा, तिसरा आवळण्याचा. दुहेरी चाल फक्त मधल्या टप्प्यात कामाची. का, ते यंत्राच्या रचनेतच आहे. मूठ सुलट फिरते तेव्हा एक खटका मुठीला दांड्याशी थेट जोडतो आणि तो साधा ड्रायव्हर होतो. मूठ उलटी फिरते तेव्हा तो खटका सुटतो, दुसरा पकडतो, आणि मधल्या चाकांमुळे दिशा पालटून दांडा पुन्हा सुलटच फिरतो. पण मधली चाके दिशा पालटू शकतात ती त्यांचे घर जागेवर स्थिर असेल तरच. त्यासाठी मुठीखाली एक कडे असते आणि ते डाव्या हाताने धरून ठेवावे लागते. आता हिशोब करा. दातांचे प्रमाण एकास एक मानले, तर उलट्या चालीत उजवा हात हत्याराला डावीकडे एक माप पीळ देतो. स्क्रू आत जायला विरोध करतो, तो विरोधही हत्याराला डावीकडेच एक माप पिळतो. दोन्ही मिळून दोन मापे, आणि ती पेलायची कड्यावरच्या डाव्या हाताने. म्हणजे उजव्या मनगटाची परतीची फेरी सार्थकी लागली खरी, पण तिचे भाडे डाव्या हाताने भरले, तेही दुप्पट दराने. त्यात कोपर वाकलेला असताना उजव्या हाताचा बाहेरच्या बाजूचा पीळ आतल्या पिळापेक्षा जोरकस असतो, कारण त्याला दंडाच्या स्नायूची मदत मिळते. म्हणून उलटी चाल मुळातच अशक्त बाजूची. आणि ज्या डाव्या हाताने एरवी स्क्रू सरळ धरायचा, दरवाजा सावरायचा, तो आता कड्यावर अडकलेला असतो. स्क्रू मोकळा धावत असेल तोवर यातले काही जाणवत नाही. आवळायची वेळ आली की कडे तळहातात घसरू लागते, आणि माणूस नकळत ते सोडून साध्या ड्रायव्हरसारखेच पिळू लागतो.

हीच मर्यादा जुन्या करामतींनाही होती. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्सचा ‘यांकी’ ड्रायव्हर हा या घराण्यातला नामांकित. पुढे १९४६ साली ती कंपनी स्टॅन्लीने घेतली. यांकीच्या दांड्यावर उजव्या आणि डाव्या वळणाच्या मळसूत्री खाचा एकमेकींना छेदत गेलेल्या असतात. मूठ खाली दाबली की टोक फिरते, आणि स्प्रिंगचा नमुना असेल तर मूठ आपोआप वर येते. मनगटाला काम नाही, नुसते दाबत राहायचे. कमठ्याच्या सामत्याने भोके पाडणाऱ्या आपल्या सुताराला ही कल्पना परकी वाटली नसती. पण दाब आणि पीळ यांची सांगड इथे पक्की बांधलेली असते. समजा, एका फेऱ्याला मूठ ५ सेंटिमीटर खाली जाते आणि आपण १० किलोच्या वजनाइतका जोर लावतो. घर्षण सोडून दिले तरी टोकाला मिळणारा पीळ जेमतेम ०.८ न्यूटन-मीटर भरतो. चांगल्या जाड मुठीच्या साध्या ड्रायव्हरने माणूस याच्या कितीतरी पट देतो. शिवाय टोक खाचेतून निसटले, तर सगळा दाब घेऊन दांडा सुटतो, आणि समोर सनमायका असेल तर त्यात घुसतो, बोट असेल तर बोटात. कॅनडाचा पी. एल. रॉबर्टसन असाच स्प्रिंगचा ड्रायव्हर मॉन्ट्रियलमध्ये लोकांना दाखवत असताना पाते खाचेतून उडाले आणि त्याचा हात कापला, अशी हकिगत सांगतात. त्याने ड्रायव्हर सुधारण्याचा नाद सोडला आणि स्क्रूचे डोके बदलले: चौकोनी खड्डा, ज्यात टोक रुतून बसते. १९०९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे. वेळ वाया जातो तो मनगट परत आणण्यात नव्हे, तर टोक खाचेतून निसटण्यात, पुन्हा बसवण्यात आणि बुजलेल्या खाचेशी झटापट करण्यात. फोर्डने मॉडेल टीच्या कामात रॉबर्टसनचे स्क्रू वापरले, पण फोर्डला हवा तसा परवाना द्यायला तो तयार झाला नाही आणि त्याचा स्क्रू बहुतांशी कॅनडापुरता राहिला. १९३६ च्या सुमारास हेन्री फिलिप्सचा फुलीचा स्क्रू मोटार कारखान्यांत शिरला आणि जगभर पसरला. फुलीच्या खाचेच्या कडा उतरत्या असतात. पीळ वाढला की टोक वर चढून बाहेर येते. आपल्या बाजारात तीच फुली, त्यात स्क्रू हलक्या मालाचा, आणि ड्रायव्हरचे टोक झिजून गोल झालेले. अशा जोडीवर मुठीत चाके बसवणे म्हणजे फाटक्या पोत्याला रेशमी नाडी. आधी टोक बदला, मापाचे घ्या. फुलीचे लहान, पीएच-१ मापाचे टोक मोठ्या पीएच-२ च्या खाचेत फिरवणारा माणूस कोणत्याही यंत्रणेने वाचणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: बॅटरीवर चालणारा ड्रायव्हर आता गल्लीगल्लीत मिळतो, मग हाताच्या करामतीची चर्चा कशाला? बरोबर आहे, मधला टप्पा मोटरने जिंकला. पण मोटर तिसरा टप्पा बिघडवते. तिच्या तोंडाशी आकडे लिहिलेले एक कडे असते, ठरावीक पीळ झाला की सोडून देणारे. बहुतेक हातांत ते ड्रिलच्या खुणेवरच अडकलेले दिसते. पार्टिकल बोर्डात स्क्रू शेवटपर्यंत गेल्यावर मोटर आणखी अर्धा फेरा मारते आणि स्क्रू फ्री होतो. निकाल हातोडीचाच, फक्त आवाज वेगळा. हाताला मात्र आवळले गेल्याचे कळते, आणि ते कळणे हाच हाताच्या हत्याराचा खरा आधार आहे. दुर्दैवाने मुठीत चाके आली की तेही थोडे बोथट होते. खटका पकडण्याआधीचा झोल आणि दातांचे घर्षण मध्ये येते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. मुरलेला कारागीर म्हणेल, माझी मूठच रॅचेट आहे: पिळतो, सैल करतो, परत पकडतो, आणि स्क्रू मोकळा असेल तर दांडा चिमटीत फिरवतो. नाशिकच्या टपारियाच्या साध्या ड्रायव्हरने तो दुहेरी चालीच्या मालकाला सहज मागे टाकील, हे मी मान्य करतो. पण हे उत्तर तरुण, शाबूत बोटांचे आहे. मूठ उघडणे आणि पुन्हा आवळणे हीच हालचाल संधिवाताने धरलेल्या हाताला सर्वांत जड जाते. दुहेरी चालीत मूठ एकदा धरली की सोडावी लागत नाही. पॅनेलमधले लांब मशिन स्क्रू, घर बदलताना सोडवायचे पलंग, कूलरची जाळी, अशा जागी पीळ थोडा आणि फेरे पुष्कळ असतात. तिथे मी इतका वेळ हिणवलेला मधला टप्पा हेच जवळजवळ सगळे काम होऊन बसते. म्हणजे हे हत्यार सुताराचे नाही. ते त्याला विकायला निघालेल्यांची चूक हत्यारावर ढकलण्यात अर्थ नाही.

मग आपल्याकडे ते कुणी बनवावे का? बनवावे असे मला वाटते, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांना ते अवघड नाही. अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, भोवती दाते पाडणारे आणि डाय बनवणारे हात आहेत. नक्कल करायला आम्हाला कुणी शिकवायला नको; पण नक्कल त्याचीच होते ज्याची किंमत बाहेरून दिसते, आणि या ड्रायव्हरची किंमत पोटात आहे. तो तंतोतंत उचलूही नये. दोन बदल हवेत. कड्याला एक खीळ असावी, ती लावली की चाके बाजूला होऊन तो साधा, ठोस ड्रायव्हर व्हावा, म्हणजे आवळताना झोल नको. आणि मुठीचे कवच चिकटवून बंद न करता स्क्रूने बसवलेले असावे. खटक्यात लाकडाचा भुसा आणि ग्रीसचा राडा साचणारच. जिथे मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळे उघडून दुरुस्त होते, तिथे न उघडणारा स्क्रू ड्रायव्हर कोण घेणार? टोकासाठी पाव इंची षटकोनी खोबण ठेवली की मोटरच्या ड्रायव्हरची बिटे त्यालाही चालतील, आणि टोक झिजले तर फक्त टोकच टाकता येईल.