प्रवासाचा बेत

श्रावणांत मोटारीनें साताऱ्याकडे जावें, असें घरीं ठरतांच मुलांनीं दोन दिवसांत सात स्थळांची यादी मांडली. ती ऐकून वहिनी म्हणाल्या, “तुम्ही सारे जा, माझे गुडघे दुखतात, मी घर सांभाळतें.” आम्हीं यादीच बदलली. मुक्काम एकच, साताऱ्यास, दोन रात्री, खोल्या तळमजल्यावरच्या. एक दिवस ठोसेघरच्या धबधब्यास, कारण तो पावसाळ्यांतच भरून वाहतो. दुसरा औंधास, तेथें यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं स्थापिलेलें संग्रहालय आहे. तेथील रविवर्म्याचीं चित्रें घाईनें पाहणें म्हणजे न पाहणेंच. पांच स्थळें गळालीं. माणूस मात्र एकही गळलें नाहीं. प्रवासाची गति सर्वांत सावकाश चालणाऱ्यानें ठरवावी, हेंच आम्हांस गृहधर्मास धरून वाटतें.