बजेट सातशे, रंग लाल!

‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात सगळ्यात कमी काय मिळत असेल, तर ती वाइन! पटत नसेल तर आज ऑफिसातून घरी जाताना बघा. समोर व्हिस्की, बाजूला रम, फ्रिजमध्ये बीअर. आणि वाइन? ती वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, धूळ खात उभी. ‘रेडमध्ये काही चांगलं आहे का?’ असं विचारलं की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या पर्सकडे, आणि सगळ्यात महाग बाटली काढून ठेवतो.

आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक बाटली रेड वाइन उघडायची आणि ती पाळीपाळीनं आणायची, हा घरचा कायदा. बजेट सातशे रुपये. गेल्या वेळी माझी पाळी होती. त्याच आठवड्यात रखडलेला एक चेक जमा झाला होता, त्यामुळे जरा भाव खावा म्हणून मी थेट चौदाशेची परदेशी बाटली उचलली. शोकेसमध्ये, चक्क उन्हात ठेवलेली! घरी उघडली तर चव उकळलेल्या जॅममध्ये व्हिनेगर ओतल्यासारखी. अर्धी बाटली सिंकमध्ये गेली. म्हणजे माझे सातशे रुपये बेसिननं प्यायले.

मग ठरवलं, या वेळी फंडा क्लिअर करायचाच. नाशिकला जायचं, प्यायचं, विचारायचं आणि सातशेत बसणारी रेड शोधायची. शिवाय एक खासगी कारणही होतं. निफाडकडे माझे मामा राहतात. त्यांच्या शेतात एके काळी वाइनची द्राक्षं होती. ते पुढे सांगते.

मुंबईहून पहाटेची ‘तपोवन’ पकडली की ऑफिसची मंडळी लॉग-इन करतात तेव्हा आपण नाशिकरोडला उतरलेले असतो. फेब्रुवारीचा मधला आठवडा, अंगावर येणारा गारवा. आणि इथेच मी पहिली घोडचूक केली. नाशिकला आलो आणि मिसळ खाल्ली नाही तर पाप लागतं, या समजुतीनं काळ्या रश्श्याची झणझणीत मिसळ हाणली. वर दोन पाव जास्त. त्यानंतर रिक्षा करून गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाच्या टेस्टिंग रूममध्ये पोहोचले, तेव्हा जिभेची अवस्था बधिर! पहिला घोट रेडचा घेतला आणि घशात निखारा गेल्यासारखं झालं. काउंटरमागचा मुलगा हसला. ‘मॅडम, मिसळ ना?’ त्याला रोजचंच असावं.

त्याचं म्हणणं असं की, रेड वाइनमध्ये जो तुरटपणा असतो तो आणि अल्कोहोल, दोन्ही मिळून तिखटाची आग आणखी भडकवतात. रस्सा जितका जहाल, तितकी रेड हलकी आणि गार हवी, जराशी गोडसर असली तर उत्तम. त्यानं आधी पाणी दिलं, साधे क्रॅकर्स दिले, अर्धा तास बाहेर फिरून यायला सांगितलं. वीकडेला गेलात तर ही अशी माणुसकी मिळते. शनिवार-रविवारी तिथे सेल्फीवाल्यांची जत्रा असते, कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही.

तर मी वेलींच्या कडेनं फिरत बसले. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी इथे वाइनच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली, हे बहुतेकांना माहीत असतं. टेस्टिंग रूम आली २००५ मध्ये. पण सुरुवात व्हाइटनं झाली होती, रेड मागून आली. एका ओळीत शिराझची तोडणी चालू होती. घड बघून मला एकदम मामांचं शेत आठवलं. आपण खातो ती थॉमसन द्राक्षं लांबट, हिरवी, बिनबियांची. ही मात्र बारकी, काळीभोर, जाड सालीची. तोंडात टाकली तर आधी साखरेसारखी गोड, मग सालीनं दात आंबट आणि शेवटी बिया. बायका ओणव्या होऊन कात्रीनं घड कापत होत्या आणि क्रेट भरत होत्या.

जिभेवरची जाळ कमी झाल्यावर परत काउंटरवर. आता खरी शिकवणी. काळ्या द्राक्षाचाही रस जवळजवळ पांढराच निघतो, रेडला रंग आणि तुरटपणा येतो तो साल रसात भिजत आंबवल्यामुळे. पुढे चांगल्या रेड ओकच्या बॅरलमध्ये मुरवतात. पैशांची गंमत इथे आहे. एका बॅरलमध्ये २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. बॅरल बहुतेक फ्रान्स किंवा अमेरिकेतून येतात आणि भलते महाग असतात. शिवाय वाइन महिनोन्‌महिने अडकून पडते. हा सगळा खर्च शेवटी आपल्या बिलात!

‘म्हणजे बॅरलशिवाय केलेली रेड स्वस्त?’ मी विचारलं.

‘स्वस्त आणि ताजी. स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत. फळाची चव जास्त. पण ती ठेवून देऊ नका, लगेच प्या.’

हे वाक्य मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. आपल्याकडे ‘जुनी ती चांगली’ हे सगळ्या दारूंना सरसकट लावायची पद्धत आहे. महागाच्या, मुरवायलाच केलेल्या रेडसाठी ते खरं असेलही. पण स्वस्त रेडच्या बाबतीत उलटं, लेबलवर जितकं अलीकडचं साल तितकी बाटली बरी. दुकानदार तीन वर्षं जुना माल ‘मॅच्युअर’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणायचं.

चार रेड समोर आल्या. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ सॉल्लिड होती, काळी मिरी, लाकडाचा धूर वगैरे वगैरे. पण खरं सांगू? जेवणाशिवाय तिचा दुसरा घोट मला जड गेला. उलट ‘समारा’ ही त्यांची खालच्या रांगेतली रेड मला आवडली. करवंदांसारखी आंबटगोड, फार विचार करायला न लावणारी. शुक्रवारच्या गप्पांना, पिझ्झ्याला, चिकन बिर्याणीच्या पार्सलला तीच बरी. टेबलावरच्या बाकीच्या मंडळींनी ‘कॉम्प्लेक्सिटी’वर चर्चा केली, मी माझं मत गुपचूप वहीत लिहिलं.

मग जवळच यॉर्कमध्ये गेले. ही वायनरी २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे. तिथून धरणाचं पाणी दिसतं. तिथे एका काकांनी (पुण्याचे, हे न सांगताही कळत होतं) मला हिशेब शिकवला. महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला राज्यानं २००१ च्या धोरणापासून करात सवलती दिल्या. परदेशी बाटलीवर मात्र आयातशुल्कच वर्षानुवर्षं १५० टक्के होतं. म्हणजे दुकानात चौदाशेला मिळणाऱ्या परदेशी बाटलीतली वाइन तिच्या गावी अगदी साधी, रोजच्या जेवणातली असते. आपण वाइनला कमी आणि प्रवासाला जास्त पैसे देतो! माझ्या सिंकमध्ये काय गेलं होतं ते आत्ता कळलं. काका म्हणाले, ‘कमी पैशांत इथलीच घ्या. नाशिकची घ्या, अकलूजकडची फ्रतेली घ्या. आणि मोठी बाटली परवडत नसेल तर ३७५ मिलीची अर्धी घ्या, लाजताय कशाला?’ पॉइंट होता. एकटीसाठी किंवा दोघांसाठी चांगल्या रेडची अर्धी बाटली सातशेत बसते, आणि वाया काही जात नाही.

फक्त ‘पोर्ट’ लिहिलेल्या स्वस्त बाटलीकडे रेड म्हणून बघू नका. गोव्याहून सगळे आणतात ती. गोड असते, ज्यांना तशी आवडते त्यांनी जरूर घ्यावी, पण जेवणाबरोबर ती म्हणजे खिचडीवर गुलाबजामचा पाक.

आणखी एक गोष्ट, जी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त फरक पाडते. रेड ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी असं आपण ऐकलेलं असतं. पण ती रूम युरोपातली हो, सोळा ते अठरा अंशांची! आपली रूम मे महिन्यात तेहतीस अंशांची. तिथे चांगली रेडही कोमट काढ्यासारखी लागणार. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बस्स. मी तिथे तीच समारा कोमट आणि गार अशी दोन्ही पिऊन पाहिली. दोन वेगळ्या बाटल्या वाटल्या असत्या.

शुक्रवारसाठी एक समारा घेतली. आणि मग बजेट मोडून एक शिराझ-कॅबर्ने, हजाराच्या घरातली. ती मामांसाठी.

सीबीएसवरून निफाडची लालपरी. २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाचलेले पैसे बाटलीत गेले असं मी मनाला समजावलं. बॅगेत दोन बाटल्या खणखणत होत्या आणि शेजारच्या आजी माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

मामांनी २००४ मध्ये दोन एकर शिराझ लावली होती. एका कंपनीशी करार होता, भाव ठरलेला. माझ्या सुट्ट्या त्या बागेत गेल्या. ‘ती खायची नसतात गं, बिया असतात’ म्हणून मामी ओरडायच्या आणि आम्ही तरी खायचो. मग २००८ आलं. मंदी, नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं रिकामी. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि माल उचलणं थांबलं. जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढल्या. मामांनी २०१० मध्ये काढली. मी तेव्हा सातवीत. वेलींचे बुंधे बांधावर रचून ठेवले होते, मामींनी वर्षभर त्यावर पाणी तापवलं. आता तिथे थॉमसन आहे.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी बाटली काढली तर मामी आत निघून गेल्या. मामा लेबल उलटसुलट करून वाचत राहिले.

‘शिराझ म्हंजी आपलीच की.’

‘मामा, तुम्ही कधी प्यायलाच नाहीत?’

‘सहा वर्षं पिकवली. खरड छाटणी केली, गोडी छाटणी केली, रात्री जागून तोडणी केली. कुणी दिलीच न्हाई तर पिणार कशी? गाडी भरून जायची. संपलं.’

बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली होती. स्क्रूचं झाकण, त्यामुळे ओपनरची भानगड नाही. वाइन ग्लास कुठला असणार, चहाच्या काचेच्या ग्लासात दोन बोटं ओतली. मामांनी वास घेतला, न सांगता, अगदी टेस्टिंग रूममधल्यासारखा. आंब्याचा घ्यावा तसा. मग घोट घेऊन तोंडात धरून ठेवला.

‘जांभळागत हाय. आधी बरी लागती, मागून जीभ धरती.’

दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या वर्णनांत मला हे सगळ्यात नेमकं वाटलं.

‘केवढ्याला?’

मी किंमत सांगितली.

‘आन्‌ एका बाटलीला माल किती लागतो?’

‘किलो-सव्वा किलो,’ मी म्हटलं. हे मी सकाळीच विचारून ठेवलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता, म्हणजे हिशेब चालू होता. मी उगाचच बॅरलचं सांगायला लागले, ३०० बाटल्या, फ्रान्सचं लाकूड, मुरवायचे महिने. ‘आसंल, आसंल,’ म्हणाले. ‘त्यांचाबी खर्च आसतोच.’ मग दुसरा घोट घेतला. बराच वेळ थॉमसनच्या बागेकडे बघत बसले.

जेवायला काळ्या मसाल्याचं मटण होतं. पण मिसळीचा अनुभव ताजा असल्यामुळे मी माझ्या ग्लासाला हात लावला नाही. मामांनी मात्र भाकरीबरोबर घोट घोट करत ग्लास संपवला, त्यांना काही झालं नाही. मामींनी बाहेर येऊन ग्लासाचा नुसता वास घेतला आणि ‘आपल्या बागेत तोडणीच्या येळी आसाच वास यायचा,’ एवढंच बोलून ताटं उचलली.

निम्मी बाटली उरली होती. ती परत मुंबईला नेऊन मैत्रिणींना चाखवायचा माझा विचार होता. उघडलेली रेड झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस आरामात जाते, हे मी मामांना उत्साहानं सांगितलं. चूक झाली. सकाळी निघताना फ्रिज उघडला, तर बाटली कोथिंबिरीच्या जुडीमागे व्यवस्थित उभी करून ठेवलेली. मी हात घातला तर मागून आवाज आला,

‘चार दिस टिकती म्हनलीस ना? मग राहू दे.’