पडद्यापुढची माणसे

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, गुजरातच्या डांगला लागून असलेला सुरगाणा तालुका १९४८पर्यंत स्वतंत्र संस्थान होता. तेथील कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांच्या घरांत जुनी छायाचित्रे विरळ आढळतात, आणि याचे कारण केवळ कॅमेरा उशिरा पोहोचला एवढेच मानणे पुरेसे नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती; विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंडही प्रसिद्ध केले. त्या चित्रांत माणसे एकीकडे टिपून दुसरीकडच्या दृश्यावर चिकटवलेली असत, कारण माणूस तेथे नमुना म्हणून हवा होता. तो फावल्या वेळात काय करतो, याच्याशी त्या संग्रहाला फारसे कर्तव्य नव्हते.

स्कॉटलंडमध्ये छायाचित्रणाचे हेच तंत्र वेगळ्या वाटेने गेले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन यांनी १८४०च्या दशकात एडिनबरोजवळच्या न्यूहेवन येथील कोळणी आणि कोळी टिपले. पुढे अ‍ॅबरडीनचे विल्सन आणि डंडीचे व्हॅलेंटाइन यांच्या कारखान्यांतून गावांच्या, रस्त्यांच्या आणि समुद्रकिनाऱ्यांच्या चित्रांचे ढीग बाहेर पडले. सहलीला येणारा माणूस ती चित्रे विकत घेत असे, म्हणून तेथील विरंगुळा टिकला. सुरगाण्याच्या विरंगुळ्याला असे गिऱ्हाईक नव्हते.

येथे छायाचित्र माणसाच्या आयुष्यात ठरावीक वळणांवरच येत असे. बारशाला ते सहसा नसे. आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत, वर्गाचा एक सामूहिक फोटो निघे. त्यानंतर थेट जत्रा आणि लग्न. वणीजवळच्या सप्तशृंग गडाच्या चैत्र यात्रेसारख्या ठिकाणी फिरता छायाचित्रकार रंगवलेला पडदा टांगून बसे, आणि ताजमहाल, बाग किंवा विमान यांपैकी हवे ते निवडून जोडपी त्यापुढे उभी राहत. जॉन्सनच्या चित्रांत पार्श्वभूमी कोणी दुसराच ठरवी, येथे ती माणूस पैसे देऊन स्वतः निवडत असे. म्हणून हा भडक, काहीसा हास्यास्पद पडदाच या मुलखाच्या फुरसतीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज ठरावा. त्यावरची दृश्ये खोटी असली, तरी ती पाहण्याची हौस खरी होती.

१९९३पासून मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र देण्याची मोहीम सुरू झाली. अनेक वृद्धांचा एकुलता एक फोटो याच कामासाठी निघाला, आणि मृत्यूनंतर तोच मोठा करून, कधी अंगावर कोट रंगवून, भिंतीवर हार घालून लावला गेला. जत्रेतली चित्रे मात्र ट्रंकेतच राहिली.

या मुलखाचा सर्वांत मोठा विरंगुळा तर कॅमेऱ्याच्या बाहेरच राहिला. बोहाडा, म्हणजे देव, दानव आणि प्राणी यांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचवण्याचा उत्सव, रात्री सांबळाच्या तालावर चाले आणि टेंभ्यांच्या म्हणजे मशालींच्या उजेडात पाहिला जाई, तर साध्या पेटी-कॅमेऱ्याला, ज्याचे झाकण ठरावीक वेगानेच उघडे, भरपूर सूर्यप्रकाश लागे. फ्लॅश वापरणारा छायाचित्रकार क्वचितच येई. त्यामुळे उपलब्ध चित्रांत मुखवटा बहुधा दिवसा, अंगणात, नाचाविना उभा दिसतो. शिवाय त्यात चेहरा झाकलेला असतो: गणपती, नरसिंह किंवा वेताळ कोण ते सहज कळते, पण त्यामागे कोण होते हे घरच्यांनाच सांगता येते. आता मोबाइलवर रात्रभराचा बोहाडा टिपला जातो, अंधारही अडचण उरलेला नाही. प्रत्येक सोंगाखाली नाचणाऱ्याचे नाव नोंदवण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.