दळणाचा डबा

ओट्याखाली माझा एक डबा असतो. ॲल्युमिनियमचा, पाच किलोचा, एका बाजूला पोचा आलेला. झाकणावर खिळ्याने ठोकलेली आईची आद्याक्षरं आहेत, कारण गिरणीत सगळे डबे सारखेच दिसायचे. राहुरीहून तो माझ्याबरोबर पुण्याला गेला आणि पुण्याहून इथे, जयपूरच्या सी-स्कीममध्ये आला.

लहानपणी शनिवारची शाळा सुटली की दळण माझ्याकडे असायचं. आईच्या सूचना ठरलेल्या. बाजरी बाजरीवरच टाकायला सांग, डाळीवर नको. पीठ गरम असताना झाकण घट्ट लावू नकोस, वाफ धरते. घरी आणलं की ती डब्यात हात घालायची, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची आणि मगच मला पाणी द्यायची. एकदा दुसऱ्या कुणाच्या मिरचीवर आमची बाजरी पडली, तेव्हा ती मला रागावली नाही. डबा घेऊन स्वतः परत गेली.

पुण्यात नोकरीच्या दिवसांत या डब्यात जुने चार्जर आणि बिलं राहायला गेली. पीठ पिशवीतून यायचं, भाकरी पोळी-भाजी केंद्रातून. त्याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

जयपूरला आल्यावर तिसऱ्या वर्षी लेकीचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. ती अकरा वर्षांची होती. जिना चढताना मध्येच थांबायची आणि मी तिला आळशी म्हणायचे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या आम्ही नेमाने पूर्ण केल्या. त्याला पर्याय नव्हता. पण गोळ्या संपल्यावर ताटात काय असणार, हा प्रश्न माझा होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लेक त्याच वयाकडे निघाली होती.

मग मी दुकानात पाकिटं उलटी करून वाचायला लागले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढं कळलं तरी पुरतं. पुढे मोठ्या अक्षरांत 'मल्टिग्रेन' आणि मागे यादीत पहिला मैदा, अशी बिस्किटं मी जागेवर ठेवून देते. लेकीलाही तेच शिकवलं. आता मी चष्मा शोधेपर्यंत तिचं वाचून झालेलं असतं.

बाजरीकडे वळले ते लोहामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह आहे, गव्हाच्या पिठात ४.१, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. एका चकचकीत दुकानातून मी बाजरीच्या पिठाचं पाकीट आणलं. परातीत घेतलं, आधण ओतलं, मळलं, थापायला लागले तर कडा फाटत होत्या. पिठाला विरीच नव्हती. कशीबशी भाजली. लेकीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. चव पाहिली तर कडू. तारखेप्रमाणे पीठ अजून दोन महिने चांगलं होतं.

बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, गव्हाच्या तिपटीहून जास्त. दाणा अख्खा आहे तोवर तो सुरक्षित असतो. दळला की दाण्यातलंच विकर त्या तेलावर काम करू लागतं आणि काही दिवसांत पीठ खवट होतं. आईला यातला एकही शब्द माहीत नव्हता, तरी ती आठवड्याला लागेल तेवढंच दळायची.

त्या रात्री मी डब्यातले चार्जर काढले, डबा चिंच लावून घासला.

बाजरीसाठी मी चांदपोलच्या अनाज मंडीत जाते. सी-स्कीमच्या कडेचा एम. आय. रोड ओलांडला की जुनं शहर लागतं. इथे दुकानासमोर पोती उघडी असतात, दाणा दाताखाली धरून बघता येतो. बाजरीच्या क्षेत्रात आणि उत्पादनात राजस्थान देशात पहिला. दिवाळीच्या सुमाराला नवा माल आला की हिरवट राखाडी दाणा हातावर नुसता चमकतो. चक्कीवाल्या काकांना मी पहिल्या दिवशी सांगितलं, बाजरीवरच टाका. ते म्हणाले, "बाजरे पे ही डालूँगा, बहनजी, और क्या!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या घरी जाड सोगरे होतात, म्हणून ते पीठ जरा भरड काढतात. मला भाकरीसाठी बारीक लागतं, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. त्यांच्याकडूनच राबडी शिकले. ही दुधाची गोड रबडी नव्हे. बाजरीचं पीठ ताकात कालवून आंबवायचं आणि मग शिजवायचं. बाजरीतल्या फायटेटमुळे तिचं लोह अंगी कमी लागतं. आंबवल्याने ते फायटेट घटतं. भाकरीबरोबर आम्ही लिंबू घेतो आणि जेवणाला लागून चहा घेत नाही.

भोगीला इथे दुसऱ्या दिवसाच्या पतंगांची तयारी चालू असते, मिठाईच्या दुकानांत फीणीचे ढीग. आमच्या घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाजीत वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं. पावटा मिळाला नाही की मी लालकोठीच्या मंडईतून मोगरी आणते. आपल्याकडे हिला डिंगरी म्हणतात. यंदा भाकऱ्या लेकीने थापल्या. दुसरी फुगली.

राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून काढलेली 'धनशक्ती' ही लोहसमृद्ध बाजरी २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित झाली. ज्या मातीत मी डबा घेऊन गिरणीत जायचे, तिथलंच हे काम, याचा मला फार अभिमान आहे. पण तीही दळून महिनाभर ठेवली तर कडूच होणार.

तुमच्याही घरात माळ्यावर असा डबा असेल. तो खाली काढा, बाजरी दोन किलोच दळा, आणि घरी आणल्यावर चिमूटभर पीठ आधी स्वतःच्या जिभेवर ठेवा.