महाडचा वसंत आणि एक पुस्तक

फाल्गुनात कोकणात पांगारा आणि सावर लाल फुलांनी भरतात, आंब्याला कैऱ्या लोंबू लागतात. शाळेच्या पुस्तकात ह्यालाच ऋतुराज वसंत म्हणतात. आपल्या समाजाचा वसंत मात्र फुलांनी आला नाही. तो पाण्याने आणि अक्षरांनी आला. तो पाहायचा तर २० मार्चला महाडला जावे.

मुंबईहून गोवा महामार्गाने जाताना महाडच्या अलीकडे गांधारपाले लेणी लागतात. डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. आम्ही आधी तेथे चढतो. विष्णुपालित नावाच्या कुमाराने चैत्यगृह आणि भिक्षूंसाठी खोल्या दान दिल्याचा ब्राह्मी लेख तेथे कोरलेला आहे. ज्या मुलखात बुद्धाच्या उपासकांनी दगडावर अक्षरे कोरली, त्याच मुलखात पुढे आपल्या वाडवडिलांना अक्षरही बंद झाले आणि पाणीही.

तेथून उतरून आपण चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर येतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पण कागदावरचे पाणी ओंजळीत येत नव्हते. ते २० मार्च १९२७ रोजी आले. बाबासाहेब तळ्यात उतरले, पाणी प्याले आणि त्यांच्या पाठोपाठ हजारो माणसे प्याली. मग आपल्या लोकांवर हल्ले झाले. सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले.

पुढची तारीखही मुलांना सांगावी. अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. पाण्याच्या हक्कापाठोपाठ त्यांनी समाजाच्या हाती वाचायला कागद दिला. तळ्याचा दावा पुढे कोर्टात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. तोही वसंतच होता.

२० मार्चला महाडमध्ये पुस्तकांची दुकाने लागतात. आपण फोटो घेतो, दिनदर्शिका घेतो, मुलांना निळे झेंडे घेतो. पुस्तकही घेतो. पण घरी आल्यावर ते फोटोखालच्या फळीवर जाते आणि तेथेच धूळ खाते. पुस्तकाला हार घातला म्हणजे ते वाचून झाले असे नव्हे. आपल्या आयाबायांना सही येत नव्हती, तरी त्यांना बाबासाहेब गाण्यांतून पाठ होते. आज घरातील पोर दहावी-बारावी शिकते. पण तळ्यावर काय झाले हे विचारले तर गप्प राहते. मग आपण शिकून मिळवले काय?

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढेच करू या. २० मार्च ते १४ एप्रिल पंचवीस दिवस होतात. मुलांच्या परीक्षा असतात हे खरे, पण रोज संध्याकाळी वंदना झाल्यावर दोन पाने वाचायला वेळ मिळतो. मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे, आजीने ऐकावे, कामावरून आलेल्या आईवडिलांनीही बसावे. ‘बहिष्कृत भारत’चे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाने ग्रंथरूपाने काढले आहेत, त्यातील महाडचा मजकूर आधी वाचावा. भीमजयंतीला विहारात प्रत्येक घरातील एका मुलाने आपण काय वाचले ते पाच मिनिटे सांगावे.

झाडाला पालवी आपोआप फुटते. समाजाला ती वाचल्याशिवाय फुटत नाही. जयभीम!