तरंगता बांध

आमच्या घरात माझी ख्याती ‘थंड माणूस’ अशी आहे. आई होती तेव्हा सासू-सुनेची कितीही जुंपली, तरी माझं डोकं वर्तमानपत्रातून बाहेर येत नसे. आईकडून लाट आली की मी थोडा इकडे कलायचो, हिच्याकडून आली की थोडा तिकडे. या गुणाचा मला इतका अभिमान, की तो उतरायला मला थेट फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत जावं लागलं.

मुलगा लंडनला असतो. त्याने आम्हा दोघांना नॉर्मंडीच्या सहलीला धाडलं. आरोमांश गावच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि समुद्रात काँक्रीटची अगडबंब खोकी कलंडून बसली होती. हिने दशम्यांची पुरचुंडी सोडली आणि म्हणाली, “यापेक्षा आपल्या सोसायटीचं बांधकाम बरं म्हणायचं!”

गाईडने खुलासा केला. 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य या किनारपट्टीवर उतरलं. बंदरं जर्मनांच्या ताब्यात. म्हणून इंग्लंडहून बंदरच ओढत आणलं. एक नाही, दोन! एक इथे आरोमांशला, दुसरं अमेरिकनांचं, ओमाहा किनाऱ्यावर. ही खोकी म्हणजे आतली भिंत. तिच्या बाहेर, खोल पाण्यात, आणखी एक बांध होता आणि तो चक्क तरंगत होता. नाव ‘बोंबार्डन’. मुळात हे बँडमधल्या एका जाड्याभरड्या आवाजाच्या वाद्याचं नाव!

युक्ती साधी होती. लाटेचा जोर वरच्या पाण्यात. खाली सगळं बरंचसं शांत. मग तळापासून भिंत उभारायची कशाला? रॉबर्ट लॉकनर नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने म्हणे घरच्या बागेतल्या तळ्यात हवेची गादी तरंगवून हे ताडून पाहिलं. (आमच्याकडेही हवेची गादी आहे. ती पहाटे चारला पाहुण्यासकट जमिनीला टेकते.) त्यातून 200 फूट लांबीचे पोलादी तराफे तयार झाले. आडव्या छेदात अधिकच्या चिन्हासारखे, बरेचसे पाण्याखाली. लाट यायची, तराफ्याशी झटायची आणि पलीकडे जाईपर्यंत निम्मी होऊन जायची.

मी हरखलोच. हिला म्हटलं, “बघ, हा तर मीच!”

“पुढचं ऐका,” ही म्हणाली.

पुढचं असं. 19 जूनला वादळ सुटलं आणि तीन दिवस घोंगावत राहिलं. बोंबार्डन बेतला होता ठरावीक मापाच्या लाटांसाठी. आल्या त्या त्याहून उंच आणि लांब. तराफे नांगरांपासून सुटले. बरं, सुटले तर सुटले, निघून जावं ना लांब समुद्रात? नाही! ओमाहाला ते आपल्याच बंदरावर जाऊन आदळले. ज्याला जपायचं, त्यालाच धडका. ते बंदर इतकं मोडलं, की सोडूनच द्यावं लागलं. आरोमांशचं कसंबसं तगलं. ही खोकी अजून दिसतात, लोक त्यांचे फोटो काढतात. बोंबार्डनचे सांगाडे मात्र समुद्राच्या तळाशी. तिथे फक्त पाणबुडे जातात.

माझ्या हातातली दशमी हातातच राहिली.

गावचं घर विकायची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. भाऊ बोलला, वहिनी बोलली, दलाल बोलला. एवढी वर्षं कलत आलेला मी त्या दुपारी सुटलो. भावावर नाही, दलालावर तर नाहीच. कोपऱ्यात गप्प बसलेल्या आईवर. “हे सगळं तुझ्यामुळे झालंय,” म्हणालो. तिने काही उत्तर दिलं नाही. चहाचे कप गोळा केले आणि आत गेली.

त्यानंतर आई चार वर्षं होती. माझ्याशी नीट बोलायची, आग्रहाने जेवायला वाढायची. ते वाक्य तिने कधी काढलं नाही, आणि मीही नाही. वरून पाहणाऱ्याला पाणी अगदी शांत वाटलं असतं.

“काय बघताय एवढं?” हिने विचारलं. “खोकी इकडे आहेत. तिकडे तर काहीच नाही.”

“तेच बघतोय.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग लोणच्याची शेवटची फोड माझ्या दशमीवर ठेवून म्हणाली, “खा आधी. बस सुटेल.”